शेवटच्या कडव्यातलं नाव

त्या वर्षी जूनमध्ये एकदा शिंतोडे आले, तेच शेवटचे. ऑगस्ट उजाडेपर्यंत जॉर्जियातल्या आमच्या टकर्स मिल गावाच्या आसपासची कुरणं पायाखाली पापडासारखी मोडायला लागली. तळ्यांचा तळ उघडा पडला. मध्ये उरलेल्या हिरव्या चिखलात गायी पोटापर्यंत उभ्या राहायच्या. लोकांनी थंडीसाठी राखलेले गवताचे गठ्ठे जुलैतच फोडले होते. मग एकेक जण कळप विकायला लागला, आणि माझं काम वाढलं. मी गुरांचा डॉक्टर. विकण्याआधी कुठली गाय गाभण आणि कुठली भाकड, हे तपासून द्यावं लागतं. लोकांचे दिवस फिरले की आपल्याला उसंत नाही, असा हा धंदा. सांगायला लाज वाटते, पण आहे.

हॉलिस प्रुइटच्या गायी तपासायला गेलो तो शनिवार होता. हॉलिस शहात्तर वर्षांचा, आमच्या कुंपणापलीकडचा शेजारी. तीन वर्षांपूर्वी त्याची बायको लॉरेन गेली, तेव्हापासून तो आणि एक म्हातारं खेचर एवढेच त्या घरात. बावन्न गायी होत्या, आणि एकही नुसत्या नंबराची नव्हती, प्रत्येकीला नाव होतं. सकाळी सहालाच ऊन टोचत होतं. हॉलिस एकेक गाय पिटाळत लोखंडी खोड्यात आणायचा, मी खांद्यापर्यंतचा हातमोजा घालून हात आत घालायचो, आणि ओरडून सांगायचो, चार महिने, सहा महिने, भाकड. कागद लावलेली फळी हातात धरून नंबर लिहून घ्यायला त्या दिवशी प्रणिता आली होती, कारण माझी नेहमीची मदतनीस तापानं पडली होती.

प्रणिता माझी बायको. रेडिओवर वाजणारी गाणी लिहिते. हे मी सांगतो तेव्हा अल्फारेटा शहरातल्या मराठी मंडळींना वाटतं, राकेश थट्टा करतोय. अमरावतीला शिकलेली इंजिनीअर बाई, सॉफ्टवेअर टेस्टिंग करायची, ती कंट्री गाणी लिहिते? लिहिते. सात गाणी मोठ्या गायकांनी गायली, त्यातलं एक तीन आठवडे पहिल्या नंबरवर होतं. आमच्या गावच्या जत्रेत पोरं ते गाणं बेंबीच्या देठापासून म्हणतात आणि शेजारी भुट्टा खात उभी असलेली बाई कोण, ते त्यांना ठाऊक नसतं.

सुरुवात ट्रॅफिकमुळे झाली. अल्फारेटाला असताना रोज दोन-दोन तास हायवेवर अडकायची आणि कंट्री स्टेशन ऐकायची. एकदा घरी येऊन म्हणाली, "यार, ही तर बाबांच्या पार्टीची गाणी आहेत. गोष्ट सांगतात, आणि गोष्टीतला माणूस गरीब असला तरी मान वर करून असतो." तिचे वडील दादाराव मूर्तिजापूरला वीज मंडळात वायरमन होते, आणि रात्री भीमगीतांची पार्टी घेऊन गावोगाव फिरायचे. त्या पार्टीच्या पेटीखाली झोपून ही मोठी झाली. मला इथे जनावरांची प्रॅक्टिस मिळाली तेव्हा तिनं नोकरी सोडली, आणि लोकांनी आम्हां दोघांना वेड्यात काढलं. महिन्यातून एकदा ती पाच तास ड्राइव्ह करून कंट्री गाण्यांच्या पंढरीला, नॅशव्हिलला जाते. तिथं गाणी अपॉइंटमेंट घेऊन लिहितात. सकाळी अकराला दोघं-तिघं खोलीत बसायचं, दुपारपर्यंत गाणं उभं करायचं. बाकीचे दिवस ती आमच्या परसातल्या शेडमध्ये, खाद्याच्या पोत्यांवर बसून, माझ्या तपासणीच्या फॉर्मांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिते. मी गुरांच्या पोटात हात घालतो, ही माणसांच्या. तिचं काम जास्त अवघड आहे, हे मी कुणाहीसमोर कबूल करतो.

तर त्या शनिवारी बावन्न गायी झाल्या. दुपारी तीन ट्रेलर आले. हॉलिसनं स्वतः एकेकीला नावानं हाक मारून वर चढवलं. शेवटचा ट्रेलर फाटकाबाहेर पडला, धूळ बसली. मग हॉलिस कुरणाच्या गेटकडे गेला. आत काही म्हणजे काही नव्हतं. तरी त्यानं ते गेट ओढून घेतलं, साखळी फिरवली, आकडा खाचेत बसेपर्यंत दाबत राहिला. मग टोपी तोंडावर धरून तो खांबाला टेकला, आणि त्याची पाठ हलायला लागली. मी हात धुवायचं निमित्त करून बादलीत बघत बसलो. प्रणितानं मान खाली घातली आणि लिहीत राहिली. लिहायला नंबर उरले नव्हते.

सोमवारी गाणं झालं होतं. तिनं ते एकटीनं, एका बैठकीत लिहिलं. मराठीत सांगायचं तर त्याचं ध्रुपद असं होतं:

आत काही उरलं नव्हतं, तरी त्यानं गेट लावलं,
आकडा खाचेत बसेपर्यंत हात नाही काढला.

शेडमध्ये गिटारवर तिनं ऐकवलं तेव्हा मी ते तिला पुन्हा एकदा म्हणायला लावलं. नॅशव्हिलला तिची गाणी गायकांपर्यंत पोचवणारी डेना म्हणून एक बाई आहे. तिनं ऐकलं आणि तासाभरात उलटा फोन केला. एका फार मोठ्या गायकानं गाणं राखून ठेवलंय, तीन आठवड्यांनी रेकॉर्डिंग, नव्या अल्बमचं पहिलंच गाणं. एवढा मोठा गळा प्रणिताच्या शब्दांना आजवर मिळाला नव्हता.

आणि इथं मी माती खाल्ली.

तिनं फोनवर रेकॉर्ड केलेलं गाणं माझ्या ट्रकमध्ये होतं. त्याच सोमवारी दुपारी गुरांच्या खाद्याच्या दुकानात, गुरांना चाटायचे मिठाचे ठोकळे घ्यायला गेलो. काउंटरपाशी चौघं टेकून दुष्काळाच्या गप्पा मारत होते. एकानं विचारलं, "मिसेसचं नवीन काय?" बायकोचं कौतुक करायची संधी मी आजवर सोडलेली नाही. ट्रकची दारं उघडली, आवाज मोठा केला. चौघंही ऐकता ऐकता गप्प झाले. मला वाटलं, गाणं भिडलं. गाणं भिडलंच होतं, पण चौघंही एकमेकांकडे बघत होते, ते माझ्या ध्यानात आलं नाही. गावात त्या शनिवारी कळप कुणी विकला, हे काय कुणाला सांगायला हवं होतं?

दादाराव तेव्हा आमच्याकडे होते, सहा महिन्यांसाठी आलेले. प्रणिताची आई गेल्यावर त्यांचं हे पहिलंच येणं. हॉलिसची आणि त्यांची एक अजब मैत्री जमली होती. इथे जॉर्जियात भुईमुगाच्या शेंगा मिठाच्या पाण्यात उकडून खातात, आणि आमच्या वऱ्हाडातही. रोज संध्याकाळी पाचला हॉलिस कुंपण ओलांडून शेंगांची पिशवी घेऊन यायचा, आणि दोघे म्हातारे माझ्या ट्रकच्या मागच्या फळीवर बसून टरफलं टाकत राहायचे. याला मराठी नाही, त्यांना इंग्रजी तुटकं. तरी तासभर काहीतरी चालायचं.

त्या मंगळवारी हॉलिस आला नाही. बुधवारीही नाही. मामाजी, म्हणजे माझे सासरे दादाराव, कुंपणापर्यंत जाऊन परत आले. शुक्रवारी मला रस्त्यावरून दुसऱ्या गावच्या डॉक्टरची गाडी दिसली, हॉलिसच्या अंगणात उभी. खेचराचे दात दुखत होते. ते खेचर मी सात वर्षं बघतोय.

घरी येऊन मी प्रणिताला सगळं सांगितलं. दुकानाचं सांगताना माझी जीभ अडखळली. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "चूक तुझी नाही. तू फक्त ऐकवलंस. न विचारता लिहिलं मी."

मामाजी स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसून ऐकत होते. त्यांनी एकदा मला गाण्याचा अर्थ ओळीओळीनं विचारून घेतला होता. आता ते लेकीला म्हणाले, "गाणं लय चांगलं हाये, माय. पण तुह्यं नाव कुठी हाये त्याच्यात?"

"बाबा, इथं गाण्यात नाव घालत नाहीत. कागदावर असतं."

"कागद कोन वाचते? आपल्या पार्टीत शेवटच्या कडव्यात कवीचं नाव येते. काऊन येते? मिरवासाठी नाही. हार घालाचा तं कोनाले, अन् जोडा माराचा तं कोनाले, हे आयकनाऱ्याले कळलं पाह्यजे. तू त्या मानसाले भर रस्त्यात उभं केलं अन् सोता पडद्यामागं बसली."

मामाजींनी एवढं बोलून चहाचा कप उचलला. नाव आलं की पार्टीतला प्रत्येक माणूस ती ओळ दोनदा उचलायचा, म्हणजे आम्ही सगळे या कवीच्या मागे उभे आहोत असा त्याचा अर्थ, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. मला सासऱ्याचा रागही आला आणि अभिमानही वाटला.

रविवारी दुपारी ती हॉलिसकडे निघाली. मीही गेलो, कारण खरा गुन्हेगार मी होतो. तो शेडच्या सावलीत जुन्या ट्रेलरच्या चाकाला ग्रीस भरत होता. कुणी बसा म्हणालं नाही, म्हणून आम्ही उभेच राहिलो. प्रणितानं आडपडदा न ठेवता सांगितलं, की तुम्हाला न विचारता लिहिलं, हे वाईट केलं, आणि तुम्ही नको म्हणालात तर ते गाणं कुणीही गाणार नाही. मोठा गायक कोण, हे तिनं सांगितलं नाही. मी सांगणार होतो, पण तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तोंड मिटलं.

हॉलिसनं चिंधी काढून हातांचं ग्रीस पुसायला घेतलं. मग म्हणाला, "लॉरेनला पुरलं तेव्हा सगळं गाव होतं. माझ्या डोळ्यातून टिपूस आलं नाही. आता चर्चमध्ये लोक म्हणतात, हॉलिस बायकोला रडला नाही, गायींना रडला."

माझ्या पाठीवरून घाम निथळत होता. हॉलिसचे हात ग्रीसनं काळे झाले होते आणि कितीही पुसले तरी तसेच राहत होते.

"तू तिथंच होतीस," तो प्रणिताला म्हणाला. "गाण्यात मी आहे, गायी आहेत, गेट आहे. तू कुठे आहेस?"

मला मामाजींचा चहाचा कप आठवला. समुद्राच्या दोन टोकांचे दोन म्हातारे, आणि दोघांचा प्रश्न एकच. प्रणिताचा चेहरा उतरला. ती म्हणाली, "मिस्टर हॉलिस, मला आठवडा द्या."

तो आठवडा घरात कुणी मोठ्यानं बोललं नाही. सकाळी पाचला उठून मी कामाला जायचो, ती शेडमध्ये जायची. परत यायचो तेव्हा पोत्यांवर चुरगळलेल्या फॉर्मांचा ढीग असायचा. शेडमध्ये भट्टी पेटल्यासारखं गरम, पंखा लावला तर कागद उडतात, म्हणून पंखा बंद. मानेला ओला पंचा गुंडाळून ती बसायची. कुणाला वाटत असेल गाणी आपोआप सुचतात, तर त्यानं एकदा येऊन बघावं. मी गाय अडली तर चार तास झुंजतो. ही चार ओळींशी पाच दिवस झुंजली. शेवटी जे आलं ते असं:

फळी धरून उभी होती बाई एक, वर पाहिलं नाही,
नंबर संपले होते, तरी लिहिणं थांबलं नाही.
दूर मुलखाहून आली इथं, प्रणिता तिचं नाव,
न विचारता लिहिलं तिनं, जाब तिलाच विचारा.

शनिवारी तिनं ते हॉलिसच्या शेडमध्ये जाऊन म्हटलं. तो उभ्यानं ऐकत होता. संपल्यावर त्यानं विचारलं, "तुझं खरं नाव घातलंस?" ती हो म्हणाली. तो म्हणाला, "त्या लोकांनी अर्धं ऐकलंय. आता त्यांनाच पुरं ऐकव. पुढच्या रविवारी फायर स्टेशनात जेवण आहे, तिथे म्हण." होकार होता की शिक्षा, मला कळलं नाही. प्रणिताला कळलं असावं. तिनं मान हलवली.

नवं कडवं तिनं डेनाला पाठवलं. गुरुवारी डेनाचा फोन आला तेव्हा मी जेवत होतो, फोन टेबलावर स्पीकरवर होता. गायकाला बाकी सगळं आवडलं होतं. शेवटचं कडवं नको. ठेवायचंच तर नाव बदलूया, तीन अक्षरं लांब पडतात, ॲनी वगैरे काहीतरी चालेल, लोकांच्या तोंडात बसायला हवं ना. डेना वाईट बाई नाही. ती प्रणिताच्या भल्याचंच सांगत होती, आणि दोनदा म्हणाली की अशी संधी दर वर्षी येत नाही.

प्रणिता म्हणाली, "डेना, नाव काढलं तर त्या माणसाला मी पुन्हा एकटं उभं केल्यासारखं होईल. मग गाणं राहू दे."

आणि राहिलं. गायकानं दुसऱ्याचं गाणं घेतलं. फोन ठेवून तिनं पोळी तव्यावर टाकली. एक पोळी जळली, तेवढंच. मी मात्र ताट सरकवून उठलो. एवढी मोठी गोष्ट हातची गेली, आणि सुरुवात कुणी केली तर मी. रेडिओवर सात गाणी लागली तेव्हा तिचा अभिमान वाटला होताच, पण ती आठवं गाणं सोडत होती तेव्हा जेवढा वाटला, तेवढा कधी नाही.

रविवारचं जेवण म्हणजे गावातल्या गुरंवाल्यांचं वर्षाचं जेवण. फायर स्टेशनातली गाडी बाहेर काढून आत टेबलं मांडतात, प्रत्येकजण घरून एकेक पदार्थ आणतो. आम्ही दरवर्षी वांग्याची भाजी नेतो आणि ती दरवर्षी सगळ्यात आधी संपते. त्या वर्षी गुरंवाले होते, गुरं नव्हती. चार वाजता मोठं शटर उघडं होतं आणि बाहेरचं पांढरं ऊन आत येत होतं. हॉलिस भिंतीकडेच्या खुर्चीत एकटा बसला होता. मामाजी, पांढरा शर्ट इस्त्री करून घातलेला, सरळ त्याच्याकडे गेले आणि शेजारी बसले. खिशातून उकडलेल्या शेंगांची पुडी काढून मधे ठेवली. हॉलिसनं बघितलं. घेतली नाही.

प्रणिता स्टुलावर बसली. पहिला सूर चुकला, तिनं पुन्हा धरला. तिचा आवाज काही मोठ्या गायिकेचा नाही, जरा बसका आहे. पण पहिल्या कडव्यालाच काट्या-चमच्यांचा आवाज थांबला. दुकानातले ते चौघे माझ्यासमोरच होते. ध्रुपद आलं, लोकांच्या माना हॉलिसकडे वळल्या. तो शटरबाहेर बघत राहिला. मला वाटलं, उठून जाणार.

मग शेवटचं कडवं आलं. इंग्रजी शब्दांच्या त्या रांगेत मामाजींना फक्त एक शब्द कळला असेल. लेकीचं नाव. ते तिथल्या तिथे उभे राहिले, डावा हात कानावर ठेवला, आणि आयुष्यभर पार्टीत केलं तसं, खणखणीत आवाजात ती ओळ उचलली. शब्द धड नव्हते, सूर मात्र पक्का होता, आणि नाव अगदी स्वच्छ होतं. सगळं स्टेशन चमकून बघायला लागलं. मला क्षणभर कुठे तोंड लपवू असं झालं. प्रणितानं गिटार थांबवली नाही. तिनं तीच ओळ पुन्हा म्हटली, कारण ओळ उचलली गेली की ती पुन्हा म्हणायची असते. मामाजींनी पुन्हा उचलली. या वेळी मीही उचलली. माझा आवाज फाटका आहे. असू दे.

गाणं संपलं. टाळ्या वाजल्या नाहीत, कारण हॉलिस उठून उभा राहिला होता. टोपी हातात होती.

"त्या गेटबद्दल," तो म्हणाला, आणि थांबला. "एकेचाळीस वर्षं मी ते गेट उघडं टाकायचो. लॉरेन मागून ओरडायची, हॉलिस, गेट. रोज. ती गेल्यावर गायींपायी लावत आलो; त्या दिवशी गायीही गेल्या, तरी मी ते न सांगता लावलं. लावल्यावर ध्यानात आलं, आता ओरडायला कुणी नाही." त्यानं टोपी फिरवली. "रडलो ते त्याच्यासाठी. कुणाला विचारायचं असेल तर मला विचारा."

चर्चमधल्या बायका मान खाली घालून बसल्या. कोपऱ्यात कुणीतरी नाक शिंकरलं. प्रणिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसत नव्हती. मी तिला इतकी वर्षं ओळखतो. असं काही कानावर पडलं की तिचा हात आपोआप पेनाकडे जातो, जेवताना, गाडी चालवताना, कुठेही. पेन तिच्या खिशालाच होतं. तिनं हात गिटारवर तसाच ठेवला.

"मिस्टर हॉलिस," ती म्हणाली, "हे मी लिहू का?"

हॉलिसनं खाली बसून मामाजींच्या पुडीतली एक शेंग घेतली, फोडली, दाणे तोंडात टाकले. सगळे वाट बघत होते.

"लिही," तो म्हणाला. "तिचं नाव घाल." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि डॉक, मंगळवारी ये. त्या दुसऱ्याला खेचराचे दात जमले नाहीत."